घरी सगळं ऐकतो

"घरी सगळं ऐकतो हो, पण दाराबाहेर पडला की मला ओळखतच नाही." गेली अठरा वर्षं मी पुण्यात लोकांची कुत्री शिकवतोय, आणि हे वाक्य कानावर पडलं नाही असा आठवडा आठवत नाही. सांगणाऱ्याच्या आवाजात राग थोडा असतो, दुखावलेपण जास्त. कुत्र्यानं आपल्याला जुमानलं नाही, हे मनाला लागलेलं असतं. खरं तर त्या कुत्र्याला 'बस' हा शब्द दाराबाहेर येतच नसतो.

हॉलमध्ये सोफ्यासमोर उभ्या राहून काकू 'बस' म्हणतात, तेव्हा कुत्रा नुसता शब्द शिकत नाही. पायाखालची सतरंजी, काकूंचे किंचित वाकलेले खांदे, पुड्याची चुरचुर, हे सगळं मिळून त्याचा 'बस' होतो. यातलं काही निसटलं की शब्द पोरका होतो. म्हणून जिन्यात, पार्किंगमध्ये, फाटकाशी, रस्त्यावर तो जवळजवळ नव्यानं शिकवावा लागतो. दर नव्या जागी वेळ थोडा कमी लागतो, एवढाच दिलासा.

कुत्र्यांवर प्रयोग करणारे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनाही हे चुकलं नाही. त्यांचा सहकारी कुत्र्याबरोबर एकटा काम करायचा आणि नवा प्रतिसाद पक्का झाला की तो बघायला त्यांना बोलवायचा. ते खोलीत आले की प्रतिसाद गायब! 'हे कोण आलं?' यातच कुत्र्याचं सगळं चित्त गुंतायचं. पुढे सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांच्यासाठी जाड भिंतींची, बाहेरचा आवाज आत न येणारी प्रयोगशाळा उभी राहिली. आपल्याला मात्र तेच कुत्रं वडापावच्या गाडीजवळून न्यायचं असतं.

हे मला शिकवलं ते माझ्या कुत्रीनं, पाखरीनं. लातूरकडची कारवानी, डोळ्यांनी शिकार हेरणारी जात. घरात शंभर वेळा 'ये' म्हटलं तर शंभर वेळा यायची. त्या भरवशावर मी मुळशीकडच्या एका माळावर तिचा पट्टा सोडला. समोरून एक करडू उड्या मारत आडवं गेलं आणि पाखरी सुटली. मी सात-आठ वेळा ओरडलो, तिनं मान वळवली नाही. शेळ्या राखणाऱ्या आजोबांनी काठी आडवी घातली, म्हणून करडू वाचलं. धापा टाकत मी पोचलो तेव्हा ते म्हणाले, "आरं, हाका कशापायी मारतुयास? तिचं कान डोळ्यांत गेल्यात."

त्या दिवसापासून मी कान बघायला लागलो. कुत्रं समोर टक लावून बघत असतं, तरी आपलं पाऊल वाजलं की एक कान किंचित मागे फिरतो. तो फिरतोय तोवर आपण त्याच्या जगात आहोत. तो फिरेनासा झाला, तोंड मिटलं, भार पुढच्या पायांवर आला, की आज्ञा द्यायची नाही. सरळ मागे यायचं. खाऊ सांगतो तेही बघावं: एरवी ओठांनी अलगद घेणारं कुत्रं दातांनी हिसकायला लागलं तर हद्द जवळ आली, आणि उकडलेलं चिकन नाकाशी धरूनही घेईना तर ती ओलांडली.

पाखरीला मी आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीसमोर शिकवलं. तिथे माणसं, भटकी कुत्री, सांडलेली बिस्किटं, सगळंच होतं. चाळीस पावलांवर तिचा कान फिरायचा, पंचवीसवर फिरायचा नाही. म्हणून आम्ही चाळीसवर उभे राहिलो. आठवडाभर तिथेच. मग पस्तीस. ज्या दिवशी पाच पावलं पुढे सरकायचो, त्या दिवशी तिला बसून राहायचा वेळ कमी सांगायचो. गर्दी वाढली तर दोन्ही सैल करायचो. बघणाऱ्याला यात काहीच घडताना दिसत नाही, आणि म्हणून लोक कंटाळतात. टपरीच्या बाकाशेजारी ती शांत बसली त्या दिवशी चौथा महिना संपत आला होता.

सुरुवातीच्या वर्षांत मी चोक चेन वापरली. दुसरं कुत्रं दिसलं की हिसका, असं मला शिकवलं गेलं होतं. त्यानं कुत्रं गप्प होतं, हे खरं. पण दुसरं कुत्रं दिसलं की मान आवळते, एवढंच ते शिकतं, आणि एक दिवस ते समोरच्यावर तुटून पडतं. अशी दोन कुत्री माझ्या हातून बिघडली. ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

एक मात्र वेगळं ठेवा. दिवाळीच्या फटाक्यांनी थरथरणारं कुत्रं विचलित झालेलं नसतं, घाबरलेलं असतं. त्याला तेव्हा 'बस' म्हणू नये. खिडक्या लावून त्याच्याजवळ बसावं.

'ये' या शब्दाची सर्वांत जास्त नासाडी आपणच करतो. खेळ रंगात आला की 'ये', आणि आला की पट्टा अडकवून घरी. आपल्याजवळ येणं म्हणजे मजा संपणं, हे कुत्र्याला चार दिवसांत कळतं. पाखरी आता नऊ वर्षांची आहे आणि माळावर अजूनही दहा मीटरच्या दोरीला असते. ती दोरी मी ओढत नाही, ती करडांसाठी आहे. तुम्हीही एक दोरी आणा. उद्या सकाळी कुत्र्याला एकदाच हाक मारा, त्याचा कान फिरेल एवढ्या अंतरावरून. आला की चिकनचा तुकडा द्या, आणि पट्टा न लावता त्याला परत हुंगायला जाऊ द्या.