उत्तरेची खिडकी

हवा कशी आहे हे चित्रकाराला विचारू नये. घरच्या मंडळींना हवा म्हणजे दोरीवरचे कपडे, गच्चीवरचे पापड आणि मुलांचा खोकला. मला मात्र ती धंद्यातली भागीदारीण आहे, आणि मोठी लहरी आहे. जुलैतल्या मुंबईत आकाशाचा एक हात कागदावर द्यावा, तर तो वाळेपर्यंत चहा होतो, वर्तमानपत्र होते, शेजाऱ्यांशी नळाच्या वेळेवरून चर्चाही होते. कागद आपला ओलाच! त्या ओलाव्यात निळा रंग आपल्या मर्जीने करड्यात शिरतो आणि कधीकधी माझ्याहून बरा ढग काढून ठेवतो. सही तेवढी मी करतो.

उलट एकदा भर मे महिन्यात जैसलमेरला गेलो होतो. पिवळ्या दगडाचा तो किल्ला समोर, आणि इकडे कुंचला कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिले टोक खडखडीत वाळलेले. आकाशाला नुसते पट्टे पडू लागले. शेवटी औषधाच्या दुकानात जाऊन ग्लिसरीन मागितले. दुकानदाराने माझ्या ओठांकडे सहानुभूतीने पाहिले. त्याचे दोन थेंब रंगाच्या पाण्यात टाकले की वाळणे जरा लांबते, हे त्याला कुठून सांगत बसू? त्या आठवड्यातली माझी चित्रे सुरीने कापल्यासारखी आहेत. प्रत्येक कड स्पष्ट. परतताना बोरिवली आली तेव्हा पिशवीतले कागद पुन्हा मऊ पडले होते. घर जवळ आले!

म्हणजे आम्ही वस्तू रंगवतो असे लोकांना वाटते. पण वस्तूच्या आणि आपल्यामध्ये जे असते, तेच खरे रंगवायचे असते. क्लोद मोने १८९९ ते १९०१ च्या दरम्यान तीनदा लंडनला गेला, आणि सॅव्हॉय हॉटेलच्या खिडकीतून टेम्सवरचे पूल रंगवीत बसला. त्याला ओढ होती ती तिथल्या धुक्याची. त्या धुक्यात कोळशाचा धूर मुबलक होता. पुढे डिसेंबर १९५२ मध्ये त्याच शहरात तसल्याच धुरकट धुक्याने हजारो माणसे दगावली. हे ठाऊक झाल्यापासून त्या चित्रांतला सुंदर जांभळा रंग माझ्या जरा घशाशी येतो.

आणि मला लंडनपर्यंत जायला कशाला हवे? मी लालबागचा. पहाटे भोंगा व्हायचा, आणि गिरण्यांच्या चिमण्यांवरचा धूर उगवतीच्या उजेडात असा काही तांबूस व्हायचा की तसा रंग पेटीतल्या कुठल्याच वडीत सापडत नसे. आमचे दादा साचेखात्यात होते. १९८२ चा संप झाला, भोंगे थांबले, धूर थांबला. त्या दिवसांत मी चाळीच्या गच्चीवरून एक चित्र केले. निळे, निर्मळ आकाश आणि त्यात उभ्या चिमण्या. दादांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले.

“आकाश झकास साधलंय रे,” ते म्हणाले. “धूर काढायचा राहिला का?”

“दादा, आता येतच नाही.”

ते काही बोलले नाहीत. चित्र भिंतीला टेकवून ठेवले आणि खाली गेले. ते चित्र मी विकले नाही. मागणी आली होती, पैशांची गरजही होती.

आता चिमण्याही गेल्या. गेल्या काही हिवाळ्यांत मात्र मुंबईचे आकाश पुन्हा मळकट दिसू लागले आहे. थंडीत वारा पडला की बांधकामांची धूळ आणि गाड्यांचा धूर खालीच अडकून राहतो. माझी नात आकाश रंगवताना निळ्यात आधी थोडी माती मिसळते. मी हटकले तर म्हणाली, “आजोबा, खिडकीतून बघा ना!”

ती खिडकी उत्तरेची. चित्रकार उत्तरेचा उजेड शोधतो, कारण तिकडून ऊन थेट आत येत नाही आणि दिवसभर सावल्या फारशा हलत नाहीत. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला कलतो खरा. पण त्यातले बरेच दिवस ढग त्याला परस्पर सांभाळून घेतात. या एका खिडकीपायी मी दादरची ही तिसऱ्या मजल्यावरची जागा सोडली नाही. आता समोरची जुनी दुमजली इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहतो आहे. तिथल्या भाडेकरूंना स्वतःचा संडास आणि लिफ्ट मिळणार; माझ्या उजेडासाठी त्यांनी जिने चढत राहावे, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तेव्हा सध्या रोज सकाळी सातला एक पोस्टकार्डाएवढा कागद घेतो आणि खिडकीत असेल तेवढे आकाश रंगवतो. मागे तारीख घालतो. हिने त्यासाठी लाडवांचा रिकामा डबा दिला आहे. त्रेपन्न कागद झाले. पहिल्यावर नुसते आकाश होते. एकोणिसाव्यावर क्रेनचा हात आला. काल दुसरा स्लॅब पडला.