पानाची पाठ

मास्तरकी हा असा रोग आहे कीं नोकरी सुटली तरी तो सुटत नाहीं. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढें पाठशाळेंत थोडें व्याकरण व काव्य. एवढ्या भांडवलावर मीं चौतीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविलें. शब्द चालविणें त्यांतील किती जणांना आज येत असेल तें देव जाणे. पण ‘ज्या वस्तूवर मालकाचें नांव नाहीं ती हरवलीच असें समजावें’ हें माझें सूत्र मात्र सर्वांना पाठ झालें असेल. याच सूत्राच्या पायीं निवृत्तीनंतर सात वर्षांनीं माझ्या हातून घरांत एक अपराध घडला. ज्यांच्या घरीं नातवंडें आहेत अशा वाचकांना त्याची हकीकत उपयोगी पडेल, म्हणून लाज बाजूस ठेवून लिहितों.

आम्ही नेरुळला राहतों. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन खाडीपलीकडे हें नवें शहर उभें राहूं लागलें, आणि आमच्यासारखीं कोंकणांतून आलेलीं कुटुंबें हळूहळू येथें स्थिरावलीं. घरांत आम्ही उभयतां, दोन चिरंजीव, सूनबाई आणि अकरा वर्षांचा नातू. आमच्या इमारतीच्या पटांगणांत संध्याकाळीं मुलें कट्ट्यावर गोल करून बसतात. त्यांच्या वयाचे असतांना आम्ही काडेपेट्यांचे छाप जमवीत असूं; ह्यांचा व्यवहार पोकेमॉन नांवाच्या कार्डांचा. हीं कार्डें १९९६ सालीं जपानांत निघालीं. प्रत्येकावर एका काल्पनिक प्राण्याचें चित्र व त्याच्या बळाचे आंकडे असतात. पुडकें बंद असतें. आंत काय निघेल तें घेणाऱ्यास ठाऊक नसतें. खेळापेक्षां अदलाबदलच अधिक. ‘तुझीं तीन घे, पण तें एक दे’ असल्या घासाघिशी खिडकींतून ऐकून मी मनांत म्हणें, काय ही रद्दीची बाजारपेठ !

माझी कन्या न्यू जर्सींत असते. आमचे जावई लहानपणापासून तिकडेच वाढलेले. गेल्या दिवाळींत तीं दोघें आलीं तेव्हां जावयांनीं आपल्या बाळपणचीं सेहेचाळीस कार्डें आमच्या नातवास भेट दिलीं. त्यानें तीं एकेक पारदर्शक पिशवींत घालून बिस्किटांच्या डब्यांत ठेवलीं. वस्तूस पिशवी घातली म्हणजे मालकाला तिची किंमत आहे, एवढें तरी मला उमगावयास हवें होतें. पण त्याच वर्षीं ह्या चिरंजिवानें एक छत्री, दोन डबे व एक कंपासपेटी हरविली होती. तेव्हां एका दुपारीं तो शाळेंत गेला असतां मीं डबा काढला. कार्डांची पाठ गडद निळी, तिच्यावर काळी शाई उठेना. म्हणून सूनबाईंच्या कपाटांतून पांढऱ्या शाईचें पेन घेतलें, आणि सेहेचाळीसहि पिशव्या उघडून प्रत्येक पाठीवर वळणदार अक्षरांत नातवाचें नांव, इयत्ता व तुकडी घातली. शाई फांसूं नये म्हणून पंख्याखालीं वाळवून कार्डें पुन्हां जागच्या जागीं ठेवलीं. दोन तास लागले. अक्षर, खरें सांगतों, सुरेख आलें होतें.

संध्याकाळीं नातू आला. मीं अभिमानानें डबा पुढें केला. त्यानें पहिलें कार्ड उलटून पाहिलें, दुसरें पाहिलें, मग अगदीं तळचें एक ओढून काढलें.

“आजोबा, सगळ्यांवर ?”

एवढेंच तो म्हणाला. रडला नाहीं, रागावला नाहीं. डबा घेऊन आंत गेला. त्यानें आकांत केला असता तर मला बरें वाटलें असतें. चार शब्द सुनावून मी मोकळा झालों असतों.

पुढें सूनबाईंनीं भीत भीत सांगितलें तें असें. त्या कार्डांत १९९९ सालचें एक चारिझार्डचें कार्ड होतें; चारिझार्ड म्हणजे पंख असलेला, अग्नि ओकणारा एक नारिंगी सर्प म्हणा. असलें कार्ड चांगल्या स्थितींत असेल तर अमेरिकेंत कांहीं शें डॉलर पडतात. नातवाला तें विकावयाचें नव्हतें. शनिवारीं वाशीहून त्याचे दोन मित्र मुद्दाम तें पाहण्यास येणार होते. आणि पाठीवर लिहिलेलें कार्ड संग्राहकाच्या दृष्टीनें जवळजवळ मेलेलें ! पुसावें तर पाठीचा चकचकीतपणा जाऊन तें अधिकच बिघडतें.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. सकाळीं मीं नातवाला म्हटलें, “बाळ, माझें चुकलें.” हें वाक्य मीं वर्गांत कधीं फारसें उच्चारलेलें नाहीं, त्यामुळें तें जड गेलें. पुढें म्हणालों, “ह्यांत पाहावयाचें काय असतें, तें मला शिकव.” त्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें, आणि बहुधा माझी कींव येऊन शिकविण्याचें कबूल केलें. तीन संध्याकाळ मी त्याचा विद्यार्थी होतों.

पहिला धडा दुर्मिळतेचा. कार्डाच्या तळाशीं एक बारीक खूण असते : वर्तुळ असेल तर कार्ड सामान्य, चौकट असेल तर त्याहून विरळ, तारा असेल तर दुर्मिळ. दुसरा धडा आवृत्तीचा. पुस्तकाप्रमाणेंच येथेंहि पहिल्या आवृत्तीचा मान मोठा. तिसरा धडा स्थितीचा. चारी कोपरे धारदार हवेत, कडांवर पांढरेपणा नको, चित्राभोंवतीं समास सारखा हवा, पृष्ठावर ओरखडा नको. चौथा साक्षीचा. आपल्याकडे दुकानांतून सोनेरी प्लॅस्टिकचीं जीं कार्डें मिळतात तीं नकली. अमेरिकेंत १९९१ पासून अशी एक संस्था आहे कीं ती शुल्क घेऊन कार्ड पारखते, एकपासून दहापर्यंत गुण देते आणि जाड पारदर्शक पेटींत तें कायमचें बंद करून देते. १९९९ सालच्या पहिल्या आवृत्तीचें, दहांपैकीं दहा गुण मिळालेलें असेंच एक चारिझार्ड २०२२ सालीं ४,२०,००० डॉलरना विकलें गेलें. पांचवा धडा सर्वांत साधा : घेणारा पाहिजे. कुणालाच नको असलेली वस्तु कितीहि दुर्मिळ असली तरी ती अडगळच.

हें ऐकतां ऐकतां मला कौटिल्याची आठवण झाली. त्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत कोशांत घ्यावयाच्या रत्नांची परीक्षा सांगितली आहे. आकार, तेज, दोष, उगमस्थान हें सारें तेथें आहे. पोराचे आणि त्या आचार्यांचे निकष फारसे निराळे नव्हते ! मी ज्याला रद्दी म्हणत होतों तें एक शास्त्र होतें, आणि त्यांत मी निरक्षर होतों.

मग आम्हीं दोघांनीं मिळून थोडें वाचन केलें. ह्या छंदाचें मूळ सिगारेटच्या पाकिटांत आहे. मऊ पाकीट दबूं नये म्हणून त्यांत जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालीत. त्यावर पुढें चित्रें आलीं, आणि गिऱ्हाईक पाकिटाइतकेंच चित्रासाठींहि येऊं लागलें. अमेरिकेंतील एका तंबाखू कंपनीनें १९०९ ते १९११ या काळांत बेसबॉल खेळाडूंचीं कार्डें काढलीं. त्यांपैकीं होनस वॅग्नर यानें आपलें चित्र छापण्यास हरकत घेतली. मुलांनीं चित्रासाठीं तंबाखू घेऊं नये म्हणून, असें कोणी म्हणतात. मोबदल्यासाठीं, असें दुसरे म्हणतात. कारण कांहींहि असो, त्याचें कार्ड लौकर थांबलें, हातावर मोजण्याइतकीं डझनें उरलीं, आणि २०२२ सालीं त्यांतील एक ७२,५०,००० डॉलरना गेलें. त्याच महिन्यांत मिकी मँटल या खेळाडूचें १९५२ सालचें कार्ड १,२६,००,००० डॉलरना विकलें गेलें. ह्या दुसऱ्या कार्डाची कथा तर अद्भुतच. त्या मालेंतील न खपलेलीं कार्डें १९६० सालीं होडींत भरून समुद्रांत बुडविलीं, असें तीं काढणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यानेंच पुढें सांगितलें. ज्या वस्तूला त्या दिवशीं फुकट घेणारा नव्हता तिच्या भावंडाला आज एवढें मोल !

जावयांना दूरध्वनीवरून गुन्हा कबूल केला, तेव्हां ते हंसून म्हणाले, “बाबा, माझ्या आईनें घर बदलतांना ह्याच्या दसपट कार्डें केरांत टाकलीं होतीं. घरोघरच्या आयांनीं टाकलीं, म्हणून तर उरलेलीं महाग झालीं.” जावयांचा हा मोठेपणा; पण मला त्यानें अधिकच ओशाळल्यासारखें झालें.

ओशाळण्यास आणखीहि एक कारण होतें, आणि तें मीं अद्याप कोणास सांगितलें नव्हतें. माझ्या कपाटांत एक लांकडी पेटी आहे. तींत माझ्या आजोबांचा सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा आहे. तिसऱ्या संध्याकाळीं तो मीं नातवापुढें मांडला. वाटोळीं, हातानें रंगविलेलीं, लाखेचा हात दिलेलीं पानें. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकांत एकापासून दहापर्यंत पानें आणि वर प्रधान व राजा, मिळून एकशेंवीस. तिघांनीं चाळीस चाळीस पानें घेऊन खेळावयाचें. दिवसां ज्याच्या हातीं रामाचा राजा त्यानें आरंभ करावयाचा, रात्रीं कृष्णाचा राजा असेल त्यानें.

“ह्यांत दुर्मिळ पान कोणतें ?” नातवानें लगेच विचारलें.

“कोणतेंच नाहीं. प्रत्येक पान एकच असतें. आणि एक जरी हरवलें तरी उरलेलीं एकशेंएकोणीस खेळाच्या उपयोगाचीं नाहींत.”

तो विचारांत पडला. “म्हणजे सगळींच दुर्मिळ,” तो म्हणाला.

ह्या उत्तरानें मला दोन्ही खेळांतील भेद कळला. गंजिफा करणारा चितारी एकहि पान कमी करूं शकत नाहीं. केलें तर त्याचा माल खोटा. बंद पुडकीं विकणारा कारखानदार मात्र ताऱ्याचीं कार्डें जाणूनबुजून थोडीं छापतो. कारण तीं थोडीं असतील तरच मुलें दुसरें पुडकें घेतील. तें दुर्भिक्ष पावसानें पाडलेलें नव्हे, कोठारवाल्यानें पाडलेलें आहे. वॅग्नरचें कार्ड माणसाच्या हट्टानें दुर्मिळ झालें, मँटलचें विस्मृतीनें. पुडक्यांतला तारा हिशेबानें दुर्मिळ होतो. हें मीं नातवाला सांगितलें. खेळूं नको असें म्हटलें नाहीं. पुडकें फोडतांना हें ध्यानांत ठेव, एवढेंच म्हणालों. त्यानें तें शांतपणें ऐकून घेतलें.

पानें पाहतां पाहतां तो एकदम थांबला. रामाचा राजा हातांत घेऊन त्यानें तो खिडकीशीं नेला, कडेवर बोट फिरविलें आणि म्हणाला, “आजोबा, हें पान नंतरचें आहे ना ? ह्याचा रंग निराळा आहे.”

साठ वर्षांत हें कुणी ओळखलें नव्हतें ! मग मला सांगणें भाग पडलें. मी आठ वर्षांचा असतांना रामाचा राजा कोणाकडे गेला तें कळावें म्हणून मीं त्याच्या पाठीवर नखानें एक बारीक रेघ ओढली होती. तिसऱ्या डावाला आजोबांच्या ध्यानांत आलें. त्यांनीं मला मारलें नाहीं. पानें गोळा करून ते म्हणाले, “पानाची पाठ कोरी असते, म्हणून तें पान. आतां हें पान राहिलें नाहीं.” त्या काळीं ही कला लयास चालली होती, एका वृद्ध चिताऱ्याकडून नवा राजा करून येईपर्यंत कित्येक महिने आमच्या घरीं डाव बसला नाहीं.

“म्हणजे तुम्हांला माहीत होतें !” नातू म्हणाला, आणि चार दिवसांत पहिल्यानें खदखदून हंसला.

होय, मला माहीत होतें. पानाच्या पाठीवर खूण करूं नये हें मी आठव्या वर्षीं शिकलों होतों. पण तो नियम आपल्या गंजिफाला लागू, पोराच्या कार्डांना नाहीं, असें मीं धरून चाललों. कारण त्यांची किंमत मला ठाऊक नव्हती, आणि आपल्याला जी ठाऊक नाहीं ती किंमत नाहींच, असें समजण्याची खोड वयाबरोबर वाढते. वाचकहो, मुलांच्या वस्तूंना हात लावण्यापूर्वीं त्यांना एक प्रश्न विचारावा. त्यानें वडीलकीस बाध येत नाहीं. माझी तर थोडी वाढलीच असावी.

शनिवारीं वाशीचे मित्र आले. चारिझार्डची पाठ पाहून त्यांतील एक हळहळला. नातू म्हणाला, “असूं दे, मला थोडेंच विकायचें आहे !” तें मला ऐकूं जावें म्हणून तो मोठ्यानें बोलला, हें मला कळलें.

आमच्या गंजिफांतील दोन पानें घर बदलतांना गहाळ झालीं आहेत. कूर्माची चव्वी आणि परशुरामाची नव्वी. १९७० नंतर सावंतवाडीच्या राजघराण्यानें राजवाड्यांत ही कला पुन्हां उभी केली, आणि २०२४ सालीं तिला भौगोलिक चिन्हांकनहि मिळालें. तेथून तीं दोन पानें करवून आणण्याचें आम्हीं ठरविलें आहे. काल त्यासाठीं मी पत्र लिहावयास बसलों, तों नातू मागें येऊन उभा राहिला आणि माझ्या हातांतील लेखणीकडे पाहत म्हणाला,

“आजोबा, पानें आल्यावर आधीं मला द्या हं. पाठीमागें कांहीं लिहूं नका.”