बंद खात्यातली दुपार

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या एका लूमखात्यावर 40 किलोवॉटचं सोलर बसवलं, तेव्हा माझं गणित पक्कं आहे याची मला खात्री होती. संगणकावर मॉडेल केलं होतं, इन्व्हर्टरची सेटिंग्ज त्यावरूनच ठरवली होती. दोन महिने सगळं सुरळीत चाललं.

दिवाळीत खातं बंद झालं, कारीगर गावी गेले. लाभपाचमेनंतर नोंदी पाहिल्या, तर सुट्टीभर लख्ख उन्हात इन्व्हर्टर रोज दुपारी बंद पडलेला. काहीही न तपासता मी शेठना सांगितलं, "वायरमनने जोडणी सैल ठेवली असणार." शेठ त्याला सगळ्यांसमोर बोलले. तो धुळ्याकडचा, माझ्याच मुलखातला. खाली मान घालून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने खिशातली वही माझ्यापुढे धरली. सुट्टीत रोज येऊन त्याने पेन्सिलीने आकडे टिपले होते: 9 वाजता 241, 11 वाजता 250, पावणेबाराला 254. "सर, मशीनं बंद असली की व्होल्टेज चढतं," एवढंच म्हणाला.

मग मी कागद घेऊन बसलो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013 च्या नियमांनुसार व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या 110 टक्क्यांच्या, म्हणजे 253 व्होल्टच्या वर गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत ग्रिडपासून सुटायचं असतं. तो नियमानेच वागत होता. शेडपासून गेटजवळच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत 25 चौरस मिलिमीटरची, 250 मीटर ॲल्युमिनियम केबल, रोध 0.3 ओहम. लूम चालू असताना वीज शेडमध्येच खपायची. खातं बंद असताना फेजमागे 55 अँपियर उलटे निघाले, की शेडच्या टोकाला 16-17 व्होल्ट चढणारच. मी मात्र ही केबल उच्चदाब वाहिनीसारखी धरली होती: रिॲक्टन्स जास्त, रोध कमी. रिॲक्टिव्ह पॉवरने व्होल्टेज आवरेल, हा माझा भरवसा होता. इथे त्याने जेमतेम अर्धा व्होल्ट उतरत होता.

केबल जाड घातली. व्होल्टेज वर सरकू लागलं की उत्पादन हळूहळू कमी होईल, असं नियंत्रण लावलं. वायरमनची माफी शेठसह सगळ्यांसमोर मागितली. बोल सगळ्यांसमोर लागला होता, माफी एकट्यात मागून भागलं नसतं.

सुरतेत छपरामागून छप्पर सोलरने भरतंय, आणि दिवाळीत अख्ख्या गल्लीतली खाती एकदमच बंद होतात. म्हणून आता प्रत्येक मॉडेल मी आधी सुट्टीच्या दुपारी तपासतो. त्या दुपारी तिथे जो हजर असतो, त्याला आधी विचारतो.