पाटीवरील क्रूस

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो मूळचा नगरकडचा. घराणें तीन पिढ्यांचें ख्रिस्ती. पुण्यांत दोन खोल्यांची जागा भाड्यानें घेऊन त्यानें पावाची भट्टी घालण्याचें ठरविलें होतें. भांडवलाची विचारपूस करावी, तों त्यानें पिशवींतून एक कागद काढून माझ्यापुढें ठेवला. कागदावर दुकानाच्या पाटीचा नमुना होता. मध्यभागीं क्रूस, दोहों बाजूंस गव्हाच्या ओंब्या, आणि खालीं नीतिसूत्रांतील खोट्या तराजूचा निषेध करणारें वचन. हेंच चित्र व हेंच वचन पावाच्या वेष्टनावरही यावयाचें होतें.

"सर, माझा धंदा माझ्या श्रद्धेला शोभेल असा दिसला पाहिजे. वचन बरोबर निवडलें आहे ना, एवढेंच सांगा."

प्रभूच्या प्रार्थनेंतील रोजची भाकर सोडून त्यानें तराजूचें वचन काढावें, याचें मला कौतुक वाटलें. पण अध्यापकाला नुसतें कौतुक करून थांबतां येत नाहीं. मीं विचारलें, "अरे, पाव खाऊन झाल्यावर वेष्टन कोठें जातें?" तो गप्प झाला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशीं फटाक्यांच्या वेष्टनांवरची लक्ष्मी रस्त्यांत कशी लोळत असते, हें त्यानेंही पाहिलेलें होतें.

मग मीं त्याला क्वेकरांची गोष्ट सांगितली. इंग्लंडांत सतराव्या शतकांत जॉर्ज फॉक्सनें हा पंथ स्थापिला. प्रस्थापित चर्चबाहेरचे म्हणून ऑक्सफर्ड व केंब्रिज यांचीं दारें या लोकांना दीर्घकाळ बंद होतीं. तेव्हां त्यांच्यांतील पुष्कळ जण व्यापारांत शिरले. त्या काळीं दुकानांत घासाघीस हाच नियम. क्वेकरांचें म्हणणें असें कीं, जास्त सांगून कमी घेणारा दुकानदार पहिला भाव सांगतांनाच खोटें बोललेला असतो. म्हणून एकच भाव सांगावा. प्रथम गिऱ्हाइकें बिचकलीं. पुढें, लहान मुलाला पाठविलें तरी तेथें फसवणूक होत नाहीं अशी ख्याती झाली, असें फॉक्सनेंच आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविलें आहे. क्रूसाचें म्हणाल, तर या लोकांच्या प्रार्थनागृहांतसुद्धां तो नसतो.

१८२४ सालीं जॉन कॅडबरी या क्वेकरानें बर्मिंगहॅमच्या बुल स्ट्रीटवर चहा, कॉफी आणि कोको विकण्याचें लहानसें दुकान काढलें. दारूऐवजीं लोकांनीं हीं पेयें प्यावीं, अशी त्याची इच्छा. मात्र त्या काळच्या बाजारी कोकोंत बटाट्याचें पीठ व साबुदाणा मिसळलेला असे, आणि कॅडबरींचा कोको त्याला अपवाद नव्हता. १८६६ सालीं त्याच्या मुलांनीं डच यंत्र आणून शुद्ध कोको काढला, आणि मग शुद्धतेची जाहिरात केली. इकडे अमेरिकेंत १८७७ सालीं ओहायोंतील एका गिरणीनें आपल्या ओटसाठीं क्वेकर वेषांतील माणसाचें चित्र व्यापारचिन्ह म्हणून नोंदविलें. गिरणीचा त्या पंथाशीं कांहीं संबंध नव्हता. चित्र चाललें, अजूनही चालतें आहे.

"म्हणजे चिन्ह लावणारा लबाड आणि न लावणारा सज्जन, असेंच ना?" तो म्हणाला.

तसें नाहीं. १९०१ सालीं विल्यम कॅडबरीच्या कानांवर आलें कीं, पोर्तुगीज अमलाखालील साओ टोमे बेटावर कोको पिकविणारे मजूर जवळजवळ गुलामच आहेत. चौकशा, अर्ज आणि शिष्टाई यांत आठ वर्षें गेलीं, आणि तेथील कोकोची खरेदी चालूच राहिली. ती १९०९ सालीं थांबली. दरम्यान 'स्टँडर्ड' पत्रानें ढोंगाचा आरोप केला, आणि कंपनीनें अब्रूनुकसानीचा दावा लावला. जूरीनें कौल कंपनीच्या बाजूनें दिला आणि भरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा! पाटीवर क्रूस नसतांनाही श्रद्धेची हुंडी वटवावयास लोक आले होते.

त्यानें कागदाची घडी केली. "सर, रविवारीं सकाळीं पाव सर्वांत जास्त खपतो. त्यासाठीं शनिवारची सारी रात्र पीठ मळावें लागतें. मी उपासनेला बसेन तेव्हां माझीं माणसें भट्टीपुढें असतील. हें मला सुचलेंच नव्हतें." आणि दारापर्यंत गेल्यावर तो वळून म्हणाला, "पण लक्ष्मीच्या नि गणेशाच्या पाट्या बाजारभर आहेत. त्यांना कोणी हिशेब विचारीत नाहीं. माझ्याच क्रूसानें तो कां द्यावा?"

याला मजपाशीं उत्तर नव्हतें. तो गेल्यावर मला चैन पडेना. दरमहा पगार घेणारा मनुष्य दुसऱ्याच्या पाटीविषयीं फार शुद्ध विचार करूं शकतो. शिवाय पाट्यांची मला चांगली ओळख आहे. तालुक्याच्या गांवीं माझ्या वडिलांचें किराण्याचें दुकान होतें. नांव 'सत्यनारायण भांडार'. गल्ल्यावर देवाची तसबीर, तिला रोज ताजा हार, आणि शेजारीं 'एकच भाव' अशी पाटी. भाव खरोखर एकच असे. पण मिऱ्यांच्या डब्यांत पपईच्या बिया असत. उन्हाळ्यांत त्या धुऊन गच्चीवर वाळत घालण्याचें काम माझ्याकडे होतें. पुरत्या सुरकुतल्या म्हणजे त्या मिऱ्यांतून निवडतां येत नसत, आणि याचा मला त्या वयांत अभिमान वाटे. वडील वाईट नव्हते. दुष्काळांत त्यांनीं उधारीवर अर्धी आळी जगविली. माझी कॉलेजची फी त्याच गल्ल्यांतून आली. शेक्सपिअर मी त्या बियांवर शिकलों, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. त्या मुलाला मीं हें सांगितलें नाहीं. क्वेकरांची गोष्ट सांगणें सोपें होतें.

दिवाळीनंतर भट्टी सुरू झाली. मी गेलों तेव्हां पाटीवर ओंब्या व त्याचें आडनांव, एवढेंच होतें. क्रूस आंत, भट्टीच्या वरच्या भिंतीवर, पीठ मळणाऱ्यांच्या समोर. रविवारीं विक्री नऊपर्यंत. शनिवारच्या रात्रीची मजुरी दुप्पट आणि सोमवारीं सुटी. या तडजोडीवर त्याची आई अजून रुष्ट आहे. भाजतांना पाणी उडून पाव हलका होतो, म्हणून गोळा किती जड घ्यावा, हें तो मला उत्साहानें समजावून सांगत होता. निघतांना त्यानें एक पाव हातांत ठेवला. मीं हट्टानें पैसे दिले.

घरीं आल्यावर, कोणाचें लक्ष नाहीं असें पाहून, मीं तो स्वयंपाकघरांतील काट्यावर ठेवला. वेष्टनावर चारशें ग्रॅम लिहिलें होतें. कांटा चारशेंच्या किंचित् पुढें गेला. मीं पाव उचलला, आणि पुन्हां एकदां ठेवून पाहिला.