दीवचा समुद्र

गेल्या वर्षी पास्काचा सण आटोपल्यावर आम्ही आठ दिवसांची रजा घेतली आणि भावजय व तिची दोन मुले यांच्यासह दीव बेटावर गेलो. सांगायला हे एवढेच. परंतु त्यापूर्वी घरात पुष्कळ खल झाला. आमचा धाकटा भाऊ जाऊन तेव्हा अवघे पाच महिने झाले होते. 'दुखवट्याचे वर्ष सरले नाही आणि ही मंडळी समुद्रावर मौज करायला निघाली, असे लोक म्हणतील,' ही भावजयीची भीती. आणि खरे सांगायचे तर ती आमच्याही मनात होती. पण दीवला नेण्याचा शब्द भावानेच मुलांना दिला होता. बारा वर्षांच्या थोरल्याने त्या शब्दाची एकदाही आठवण करून दिली नाही. तो कशाविषयीच फारसे बोलत नसे. शेवटी आम्हीच तिकिटे काढली.

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला पुलाने जोडलेले हे चिमुकले बेट. वेरावळपर्यंत आगगाडी आणि पुढे मोटार. एप्रिलअखेरचे ऊन असे की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नव्हते. आम्ही मात्र कागदावर तासवार बेत आखून आलो होतो.

वसईकरांना दीव परके वाटू नये. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली, पुढल्या वर्षी त्यांना दीव येथे किल्ला बांधू दिला आणि १५३७ साली याच पाण्यात त्याचा अंत झाला. वसई १७३९ साली मराठ्यांनी जिंकून घेतली. दीव मात्र डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिले. हे सारे आम्ही तटावर उभे राहून मुलांना सांगत होतो. आठ वर्षांची धाकटी म्हणाली, "फादरकाका, आपण सुटीला आलोय की शाळेला?" भावजय हसली. कित्येक महिन्यांनी ते हसू आम्ही पाहिले.

तरीही चर्च दाखविल्यावाचून आम्हांला राहवेना. संत पॉलच्या जुन्या चर्चमध्ये आजही मिस्सा होते. संत थॉमसच्या चर्चचे वस्तुसंग्रहालय झाले आहे आणि असिसीकर संत फ्रान्सिसच्या चर्चच्या वास्तूत पुढे रुग्णालय आले. रुग्णालय हा शब्द कानी पडताच थोरला काही न बोलता रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. आम्ही ते पाहिले आणि उन्हाचा त्रास झाला असेल, अशी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी बेताचा कागद पिशवीत गेला. सकाळी आणि सायंकाळी समुद्र. मधल्या वेळी जेवण, झोप आणि पत्ते. नागोआचा किनारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे. मागे होका नावाची झाडे आहेत, ताडाच्या जातीची, पण खोडाला फांद्या फुटलेली. धाकटीने त्यांना 'दोन डोक्यांचे ताड' असे नाव दिले आणि पाण्यात धाव घेतली. थोरला वाळूवर बसून चपला राखत राहिला.

तिसऱ्या सायंकाळी चक्रतीर्थाजवळच्या खुकरी स्मारकावर गेलो. ९ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' ही आपली युद्धनौका दीवपासून दूर खोल समुद्रात बुडविली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक तिच्यासह गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. तेथे काचेच्या पेटीत त्या नौकेची प्रतिकृती ठेवली आहे. थोरला तिच्याकडे बराच वेळ पाहत होता. मग त्याने विचारले, "त्यांच्या घरच्यांना त्यांना शेवटचं भेटता नाही आलं ना?"

प्रश्न कप्तानाविषयी नव्हता, हे आम्हां दोघांनाही उमगले. भाऊ रुग्णालयात होता ते चार दिवस मुले आजीकडे होती. 'त्यांच्या मनावर परिणाम होईल, त्यांना आणू नका,' हा सल्ला आमचा होता. आजवर अनेक कबरींपाशी आम्ही सांत्वनाचे शब्द बोललो आहोत. त्या क्षणी त्यातला एकही कामी आला नाही. एवढेच म्हणालो, "आम्ही तुला नेलं नाही, बाळा. चुकलं आमचं."

तो गप्प राहिला. मग आईकडे वळून म्हणाला, "पप्पा काही बोलले होते?"

भावजय तेथल्या कठड्यावर बसली आणि पाच महिने न बोललेले सारे तिने सांगितले. तुझी सायकल दुरुस्त करून आणली का, असे त्याने दोनदा विचारले होते. हे ऐकले आणि मुलगा रडू लागला. दफनाच्या दिवसापासून तो रडला नव्हता. धाकटी त्याला बिलगून बसली. काळोख पडेपर्यंत आम्ही तेथेच होतो. दुसऱ्या दिवशी नागोआला त्याला पाण्यातून बाहेर काढण्यासाठी आईला चार हाका माराव्या लागल्या.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या मृत्यूची वार्ता ऐकून प्रभू येशू तारवात बसून एकांत स्थळी गेला, असे मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. पाच भाकरींवर प्रवचन करताना आम्ही दरवेळी ते तारू ओलांडून थेट गर्दीकडे जात असू.

पूर्वीच्या एका धर्मग्रामात एक विधवा भगिनी मे महिन्याच्या सुटीपूर्वी आमच्याकडे आली होती. 'मुलांना चार दिवस भावाकडे समुद्रावर नेऊ का?' असे तिने विचारले. 'वर्ष होऊ द्या,' आम्ही म्हणालो. ती मान खाली घालून परत गेली. तिची मुले आता मोठी झाली असतील. या सुटीत तिच्या घरी जायचे आम्ही ठरविले आहे. दीवला जे दोन शब्द सुचले, त्यांहून अधिक काही तिला सांगण्यासारखे आमच्यापाशी नाही.