रणगाड्याचा रंग

एखाद्या वस्तूचा रंग सांगणे ही वरवर पाहता अगदी सोपी गोष्ट आहे. पान हिरवे, माती काळी, रणगाडाही हिरवाच. परंतु तो रंग स्वतःच्या हाताने द्यायची वेळ आली, की या सोप्या शब्दांचे अपुरेपण जाणवू लागते. रणगाड्यांच्या छोट्या प्रतिकृती करण्याचा छंद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. त्या छंदातून उमगलेले थोडे काही तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्या धाराशिव जिल्ह्याने रणगाडे प्रत्यक्ष पाहिलेले आहेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरले. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल त्यांनी शाबूत ताब्यात घेतला आणि त्याच दिवशी त्यांची आघाडी उमरग्यापर्यंत पोहोचली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. त्या काळी आपल्या चिलखती दलाकडे शर्मन आणि स्टुअर्ट या बनावटींचे रणगाडे होते. त्यांपैकी शर्मनची पस्तीसपट लहान, म्हणजे जेमतेम सोळा-सतरा सेंटीमीटर लांबीची प्रतिकृती मी नळदुर्गच्या वाटेवरची म्हणून रंगवायला घेतली.

शर्मन मूळचा अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कर त्याला 'ऑलिव्ह ड्रॅब' नावाचा रंग देत असे. गंमत अशी, की या रंगात हिरवे रंगद्रव्य मुळी नसेच. पिवळी काव आणि काळा यांच्या मिश्रणातून ती हिरवट छटा उमटे. तिला मराठीत काय म्हणावे? शेवाळी म्हटले तर ओलावा येतो, मेंदी म्हटले तर सण आठवतो. 'खाकी' हा शब्द धुळीसाठी असलेल्या फारसी शब्दावरून आला. तो जवळचा, पण जरा फिका. अचूक शब्दाचा शोध आणि अचूक रंगाचा शोध यांत मला फारसा फरक आढळला नाही.

छायाचित्रे पाहावीत, तर ती कृष्णधवल. हिरवा, खाकी आणि तपकिरी हे तिन्ही रंग त्यांत एकाच करड्या छटेत उतरू शकतात. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जावे, तर उघड्यावर उभे असलेले लोखंड टिकावे म्हणून वेळोवेळी रंगवावे लागते. वरचा थर संग्रहालयाच्या काळातला असतो. शिवाय मूळ रंग जसाच्या तसा मिळाला, तरी तो प्रतिकृतीवर अधिक गडद दिसतो. मोठी वस्तू आपण दुरून पाहतो आणि मधली हवा तिचा रंग फिका करते. म्हणून मूळ रंगात किंचित पांढरा किंवा पिवळट रंग मिसळावा लागतो. हुबेहूब दिसण्यासाठी हुबेहूबपणापासून थोडे दूर जावे लागते. ललित लेखन करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मग मी वृद्धांना विचारले. एक आजोबा म्हणाले, "हिरवा." दुसरे म्हणाले, "मातीचा." दोघेही बरोबर असावेत. भर पावसाळ्यात आपल्या काळ्या रानातून गेलेली कोणतीही गाडी खालून मातीचीच होते. एका आजीबाईंनी मात्र उत्तर दिले, "रंग कोन बघतंय बाबा? आमी दार लावून बसलो हुतो."

त्या उत्तरापाशी माझा ब्रश थांबला. दार कोणाच्या भीतीने लावले होते, हे मी विचारले नाही. त्या वर्षात दार लावण्याची वेळ अनेकांवर आली होती. आधी रझाकारांच्या अत्याचारांनी गावे होरपळली. पुढे मुस्लिम वस्त्यांवर हिंसाचार झाला. त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले, त्यांत आपला जिल्हा होता. एकच रणगाडा एका घराला सुटकेसारखा दिसला असेल, तर त्यापाठोपाठ आलेले दिवस दुसऱ्या घराला काळरात्रीसारखे आठवत असतील. दोन्ही घरे याच जिल्ह्यातली, दोन्ही आठवणी खऱ्या.

यानंतर माझा निर्णय सोपा झाला. रणगाडा चकचकीत करायचा नाही, त्याला विजयाचा तजेला द्यायचा नाही आणि भेसूरही करायचे नाही. काव आणि काळ्याची ती मंद छटा, साखळपट्ट्यांवर काळ्या चिखलाचा थर, वर पावसाने धुतल्याच्या पुसट रेघा. आधाराशिवाय एकही खूण त्यावर काढलेली नाही. खालच्या पाटीवर फक्त स्थळ आणि तारीख लिहिली आहे.

मित्रहो, तुम्ही उद्या आपल्या गावाविषयी लिहाल, तेव्हा 'हिरवा' हा पहिला सुचलेला शब्द घाईने कागदावर उतरवू नका. कारखान्यातला रंग कोणता, चिखलाचा कोणता आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांतला कोणता, हे वेगवेगळे विचारा. दार लावून बसलेल्यांनाही विचारा. मग जी छटा सापडेल, ती फिकी वाटली तरी तीच वापरा.