उन्हाला वाट

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते. उन्हाळा ऐन भरात असतो, जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांशी झटत असतो, तरी कडुनिंबाला झोके बांधले जातात, खापरावर पुरणपोळ्या होतात, पितरांच्या नावाने घागर भरून तिच्यावर डांगर ठेवले जाते. त्या वर्षी धाकट्या बहिणीला आणायला मी पिंप्राळ्याहून भुसावळला गाडी घेऊन गेलो. तिच्याबरोबर दीड वर्षाचे लेकरू होते.

परतताना नशिराबाद मागे पडले तरी गाडी गारेगार होती. लेकरू आईच्या मांडीवर झोपले होते. जळगावात शिरलो, गर्दीत वेग मंदावला आणि एसीची हवा कोमट झाली. पिंप्राळ्याच्या रेल्वे फाटकाशी आलो तर फाटक पडलेले. मालगाडीचे डबे संपता संपेनात. डॅशबोर्डच्या झरोक्यांतून आता चुलीपुढची झळ येऊ लागली. लेकरू जागे झाले आणि रडून रडून लालबुंद झाले. ‘‘दादा, काचा तरी उघड रे,’’ बहीण म्हणाली. काचा उघडल्या, तर बाहेरून दुसरी भट्टी आत आली. लेकराच्या कपाळावरचा तिचा ओला रुमाल पाहता पाहता वाळत होता. माहेरच्या उंबऱ्याला अजून दहा मिनिटे होती, आणि ती दहा मिनिटे मला आजही आठवतात.

एसीकडे माझे दुर्लक्ष झाले होते असेही नाही. त्या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरून घेतला होता. गाडी गॅरेजात नेली की पहिला शब्द तोच: ‘‘गॅस संपला असेल, भरून टाकू.’’ भरला की चालत्या गाडीत गार लागायचे आणि मी निश्चिंत व्हायचो.

फाटकातल्या त्या दुपारनंतर एका जुन्या मिस्तरींकडे गेलो. मी गॅसचे नाव काढताच ते म्हणाले, ‘‘भाऊ, गॅस म्हणजे पेट्रोल नाही संपायला. बंद नळ्यांमधून तोच तो फिरतो. कमी झाला असेल तर कुठंतरी गळतोय. आधी ती जागा सापडली पाहिजे.’’ गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते, त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट धूळ चिकटते. त्यांनी एकेक सांधा बोटाने चाचपला. बोट कोरडेच राहिले. मग त्यांनी विचारले, ‘‘पळताना गार आणि उभी राहिली की गरम, असंच ना?’’ मी हो म्हणालो. ‘‘मग दुखणं पुढं आहे.’’

त्यांनी दोन काट्यांचे मीटर नळ्यांना जोडले आणि गाडी जागेवरच चालू ठेवली. जास्त दाबाचा काटा चढू लागला. चढत चढत एका टोकाला गेला, तोच ‘टक्’ असा आवाज आला आणि कॉम्प्रेसर सुटला. दाब हाताबाहेर गेला की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी थांबते. फाटकात हेच घडले होते.

एसी थंडी तयार करतो, अशी माझी समजूत होती. तसे नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. माझ्या गाडीतला 134ए हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे 26 अंशांवरच उकळतो. डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये कमी दाबाखाली तो उकळतो आणि उकळताना भोवतालची उष्णता पितो. पण ती टाकायची कुठे? बाहेर 45 अंश. उष्णता नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते. म्हणून कॉम्प्रेसर गॅसला इतका दाबतो, की तो बाहेरच्या उन्हाहूनही तापतो. मग रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो आपली उष्णता त्याच उन्हाला देतो आणि पुन्हा द्रव होतो. गाडी पळत असते तेव्हा वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्याने द्यावा लागतो.

मिस्तरींनी गाडी बंद करून पंखा बोटाने फिरवून पाहिला. जड फिरला. फ्यूज आणि रिले ठीक निघाले. बॅटरीवरून मोटरला सरळ दोन वायरी दिल्या, तर पंखा नुसता कण्हला. मग त्यांनी पुढचा बंपर उतरवला. कंडेन्सरच्या पातळ पात्यांवर करड्या नमद्यासारखा थर बसला होता: धूळ, मेलेले किडे, कडुनिंबाचा वाळलेला मोहोर आणि कापसाची पिंज. आमचा जिल्हा कापसाचा आणि जिनिंगचा. रस्त्यावर उडणारी पिंज अशी गाडीच्या छातीत साठली होती.

मला आईचा माठ आठवला. माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि ती वाफ आतली उष्णता घेऊन जाते. वर्षभरात क्षार साठून छिद्रे बुजतात, मग माठ कितीही भरा, पाणी गार होत नाही. म्हणून आई दर उन्हाळ्यात नवा माठ आणते. बुजलेल्या माठात मी जास्त पाणी ओतत होतो, एवढेच. उलट गरजेपेक्षा जास्त गॅस भरला की दाब आणखी चढतो. माझ्या पैशांनी मी दुखणे वाढवले होते.

मिस्तरींनी पाती मागून पुढे, पाण्याच्या हलक्या धारेने धुतली. जोराच्या धारेने ती वाकतात. पंख्याची मोटर बदलली. गॅस मशीनने काढून घेतला, नळ्या व्हॅक्यूमवर ठेवल्या आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच परत भरला. गाडी उभ्यानेच चालू ठेवली. इंजिनाकडची जाड नळी दवात भिजल्यासारखी ओली झाली. थोड्या वेळाने गाडीखाली पाणी ठिबकू लागले. वैशाखातल्या कोरड्या हवेतही जी काही ओल होती, ती थेंब होऊन मातीत मुरत होती.

हा गॅस ओझोनला धक्का लावत नाही. पण तो हवेत सुटला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशोबाने हजारपटीहून जास्त उष्णता अडवून धरतो. गळती न शोधता नुसता गॅस भरत राहणे म्हणजे ज्या उन्हातून आपण पळतो, त्यालाच खतपाणी घालणे आहे.

म्हणून एकच विनंती. आखाजीला नवा माठ आणाल त्या दिवशी गाडीचे बॉनेटही उघडा. एसी लावून पुढचा पंखा फिरतो का बघा, कंडेन्सर धुऊन घ्या, आणि कुणी गॅस भरू म्हटले तर आधी गळतीची जागा दाखवायला सांगा. लेक उन्हातान्हातून माहेरी येते. तिची वाट गार ठेवणे आपल्या हातात आहे.